पोरांचं मैदान शेवटच्या रांगेत का?

टाळेबंदी उठत गेली तेव्हा कशाचं कुलूप कधी निघालं, तो क्रम एकदा मांडून पाहायला हवा. मे २०२० च्या पहिल्याच आठवड्यात दारूची दुकानं उघडायला परवानगी मिळाली. ५ ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार सुरू झाले. दसऱ्याला व्यायामशाळा उघडल्या, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिनेमागृहं, दिवाळीच्या पाडव्याला देवळं. लग्नं तर पन्नास माणसांच्या अटीवर कधीचीच लागत होती. आणि मार्च २०२० च्या मध्यावर बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग ग्रामीण भागात भरले ते १ डिसेंबर २०२१ ला. मधे वीस महिने गेले. जे पोर जून २०२० मध्ये पहिलीत बसायचं, त्यानं वर्गाचं तोंड पाहिलं तेव्हा ते अर्धी दुसरी संपवून बसलं होतं.

शाळांबद्दल निदान बोललं तरी गेलं. अभ्यास बुडाला, वाचन मागे पडलं, वजाबाकी विसरली, याची पाहणी झाली, अहवाल आले, चर्चासत्रं झाली. खेळाबद्दल कुणी काही विचारलं नाही. १७ मे २०२० च्या केंद्राच्या सूचनांत पासष्टच्या वरचे, दुर्धर आजाराचे, गरोदर बाया आणि दहा वर्षांखालची मुलं, या सगळ्यांनी अत्यावश्यक काम किंवा उपचार सोडून घरातच राहावं असं म्हटलं होतं. जूनमध्ये राज्यानं पहाटे पाच ते संध्याकाळी सात मोकळ्या जागेत चालायला, पळायला, सायकल चालवायला मुभा दिली. पण घोळक्यानं नाही, आणि मुलांसोबत मोठं माणूस हवं. मोठ्यांच्या व्यायामाला हे ठीक आहे. मोठा माणूस एकटा फिरतो. पोर एकटं खेळत नाही. लगोरीला दोन बाजू लागतात, खो-खोला पाठीवर थाप मारणारा लागतो. म्हणजे ज्याला पोरांचा खेळ म्हणतात, त्याची सोय एकाही आदेशात नव्हती.

माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे. महामारीनंतर आपल्या पोरांच्या अंगात जो बैठेपणा भिनला, तो त्यांच्या आळसातून आलेला नाही आणि नुसत्या मोबाईलमधूनही नाही. तो मोठ्यांच्या निर्णयांतून आला. आणि रोग सरल्यावर पोरांना पुस्तक परत मिळालं, परीक्षा परत मिळाली, क्लास दुप्पट मिळाले. मैदान तेवढं परत मिळालं नाही.

त्या वेळची भीती खरी होती, हे खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. मे-जून २०२० मध्ये जळगाव जिल्ह्याचा मृत्युदर देशभर चर्चेत होता. अमळनेर, भुसावळची नावं रोजच्या बातम्यांत होती. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरातल्या आजीनं नातवाला उंबऱ्याच्या आत दाबून ठेवलं तर तिला कोण बोलेल? ‘भाहेर जाऊ नको रे, पोलीस धरी लई जाई’ हे गल्लोगल्ली ऐकू यायचं, आणि ते माया म्हणूनच ऐकू यायचं. पहिले तीन महिने कुणालाच काही कळत नव्हतं. तेव्हा सगळंच बंद ठेवलं, याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढच्या काळाबद्दल आहे. बंद खोलीपेक्षा मोकळ्या हवेत हा रोग कितीतरी कमी पसरतो, हे त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जगभर कळून चुकलं होतं. स्पेननं सुरुवातीला मुलांना पूर्ण घरात कोंडलं होतं. पण सहा आठवड्यांनी, २६ एप्रिल २०२० पासून, चौदा वर्षांखालच्या मुलांना रोज एक तास, घरापासून एक किलोमीटरच्या आत, बाहेर पडायची परवानगी दिली. तिथं तेव्हा मृत्यूंचं थैमान होतं. तरी कुणाला तरी वाटलं की पोरांचा एक तास हा औषधपाण्याइतकाच निकडीचा विषय आहे. आपल्याकडे तो एक तास कुणी मागितलाही नाही. राज्यानं जुलै २०२० मध्ये ऑनलाइन वर्गांचं वेळापत्रक काढलं: पहिली-दुसरीला तीस मिनिटं, तिसरी ते आठवीला पंचेचाळीस मिनिटांची दोन सत्रं, नववी ते बारावीला चार. पडद्यापुढे जास्तीत जास्त किती बसायचं हे ठरलं, आणि ते ठरवलं हे चांगलंच केलं. पण पोरानं दिवसातून कमीत कमी किती वेळ पळायचं, हे त्या कागदावर नव्हतं.

शाळेचं फाटक बंद झालं तेव्हा खिचडी आणि खेळ दोन्ही एकदम थांबले. खिचडीच्या बदल्यात निदान तांदूळ-डाळीचा कोरडा शिधा घरी आला. खेळाच्या बदल्यात काहीच आलं नाही.

किती नुकसान झालं, याचे आकडे आता हाताशी आहेत. वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात महामारीच्या काळात मुलांची रोजची हालचाल सुमारे एक पंचमांशानं घटल्याचं दिसलं, आणि ज्यात दम लागतो, घाम येतो अशी हालचाल त्याहून जास्त घटली. दुसऱ्या तशाच हिशेबात पडद्यापुढचा वेळ रोज सरासरी ८४ मिनिटांनी वाढलेला निघाला. जागतिक आरोग्य संघटनेनं नोव्हेंबर २०२० मध्ये, म्हणजे ऐन साथीत, नव्या सूचना काढल्या: पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल हवी, आणि आठवड्यात किमान तीन दिवस स्नायू-हाडं मजबूत करणारी हालचाल हवी. आपण महामारीपूर्वीही त्यात कच्चेच होतो. संघटनेच्याच २०१९ च्या अभ्यासानुसार जगातली अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुलं एवढी हालचाल करत नव्हती. भारताचा आकडा चौऱ्याहत्तरच्या आसपास होता. साथीनं आधीच कमजोर असलेल्या भिंतीला धक्का दिला.

हाडांचं गणित तर फार कमी पालकांना माहीत आहे. वयात येताना, उंची झपाट्यानं वाढते त्या दोनएक वर्षांत, मोठेपणीच्या हाडांमधल्या खनिजांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा जमा होतो. उड्या मारणं, पळणं, झाडावरून खाली झेपावणं यांनी हाडाला जो दणका बसतो, त्यामुळे ती भर घट्ट बसते. बारा-तेरा वर्षांच्या ज्या पोरीची ही दोन वर्षं २०२० आणि २०२१ मध्ये खाटेवर मोबाईल धरून गेली, तिचं ते वय परत येणार नाही. साठाव्या वर्षी तिचं हाड मोडेल तेव्हा कुणाला टाळेबंदी आठवणारही नाही.

डोळ्यांचं तसंच. चीनच्या शेडोंग प्रांतातल्या फेइचेंगमध्ये शाळकरी मुलांचे डोळे दरवर्षी तपासले जातात. २०१५ ते २०१९ या काळात सहा वर्षांच्या मुलांमध्ये लांबचं धूसर दिसण्याचं प्रमाण कधीही ५.७ टक्क्यांच्या वर गेलं नव्हतं. २०२० च्या तपासणीत ते २१.५ टक्के निघालं. पाचेक महिने घरात बसल्याचा हा परिणाम. जवळचं बघत राहणं हे एक कारण. दुसरं तितकंच मोठं कारण म्हणजे दिवसाचा उजेड न मिळणं. उजेडानं डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवतं आणि डोळ्याचा गोळा लांबोळा होण्याला त्यानं आळा बसतो. तैवाननं २०१० पासूनच शाळांना सांगितलं होतं की मुलं रोज १२० मिनिटं उघड्यावर हवीत. आपल्याकडे सूर्यप्रकाशाचा तुटवडा नाही, पण त्यात पोरं सोडायची म्हटलं की आपण कचरतो.

आता आकडे बाजूला ठेवतो आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. शाळा पूर्ण सुरू झाल्यावर, २०२२ च्या पावसाळ्यात, आमच्या तालुक्यातल्या एका शाळेच्या मैदानावर चौथी-पाचवीची पोरं लंगडी खेळत होती. खेळत होती म्हणजे खेळायचा प्रयत्न करत होती. एक पाय उचलायचा आणि दुसऱ्यावर उड्या घेत चौकटीत शिरायचं, एवढंच. निम्म्याहून जास्त पोरांचा उचललेला पाय तिसऱ्या-चौथ्या उडीलाच खाली टेकत होता. चांगला धडधाकट, गोल गालांचा एक पोरगा दोन्ही हात बाजूला पसरून, दोरीवर चालणाऱ्या डोंबाऱ्यासारखा तोल सावरत होता, आणि पाय टेकला की खाली पाहत होता, जणू तो पाय त्याचा नव्हताच. मग रबरी चेंडू काढला. चेंडू अंगावर येताना डोळे मिटणारी पोरं मी पूर्वीही पाहिली आहेत, पण ती पहिलीतली. ही दहा वर्षांची होती. चेंडू झेलणं, नेमानं फेकणं, पळता पळता वळणं, पडताना हात टेकणं, हे सगळं साधारण सहा ते नऊ या वयात अंगात मुरतं. कुणी शिकवावं लागत नाही, चार पोरं आणि एक गल्ली असली की पुरतं. या पोरांचं नेमकं तेच वय घरात गेलं होतं. आणि ज्याला चेंडू झेलता येत नाही, तो पुढे चेंडूच्या वाटेला जात नाही. चारचौघांत हसं नको म्हणून कडेला बसतो. बैठेपणाची खरी सुरुवात मला या कडेला बसण्यात दिसते.

इथं गावाकडचा माणूस हमखास म्हणतो, की हे सगळं शहरातलं. आमची खेड्यातली पोरं कुठे घरात बसली होती? ती शिवारात हिंडत होती, विहिरीत पोहत होती. यात तथ्य आहे, आणि म्हणूनच याचा नीट विचार करायला हवा. कारण खान्देश एकसारखा नाही.

धडगाव, अक्कलकुवा या सातपुड्यातल्या तालुक्यांत मोबाईलचं नेटवर्कच धड नव्हतं, तिथं पडद्यापुढे बसायचा प्रश्नच कमी. तिथली पोरं डोंगर चढत होती, गुरं वळत होती, लाकडं आणत होती. त्यांचा प्रश्न पोटाचा होता आणि आहे. नंदुरबारचं कुपोषण कुणाला नवं नाही. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आहे आणि त्याच वेळी वजन जास्त असलेल्या मुलांचं प्रमाण १.९ वरून ४.१ टक्क्यांवर गेलं आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दिसलं; आणि राज्यातली ती पाहणी तर साथीच्या आधीची, २०१९ मधली. एकाच राज्यात दोन्ही टोकं आहेत. धडगावच्या पोराला जळगावच्या सोसायटीतल्या पोराचा उपाय सांगून चालणार नाही.

मधल्या पट्ट्यात, चोपडा, एरंडोल, धरणगाव, शिंदखेडा भागात, २०२० च्या दिवाळीच्या आगेमागे कापसाच्या वेचणीला पोरं सर्रास दिसत होती. शाळा बंद, घरात पैसा नाही, मजूर मिळत नाही. मग दहा वर्षांचा पोरगा ओटी बांधून पऱ्हाटीत उतरला. आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. पण ‘त्याची हालचाल होते ना’ असं म्हणून त्याला खेळाच्या खात्यात टाकू नये. दिवसभर कमरेत वाकून एकाच हातानं बोंड ओढणं आणि मनाला येईल तसं पळणं यांत शरीरालाही फरक कळतो. कामात थांबायचं कधी हे मुकादम ठरवतो, खेळात पोर ठरवतं. ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेल्या पोरांचंही तेच. त्यांना व्यायामाची कमतरता नव्हती, बालपणाची होती. आणि त्यांना मैदान द्यायचं म्हणजे आधी त्यांच्या डोक्यावरचा भारा उतरवायचा.

सगळ्यात जास्त जखडली गेली ती तिसऱ्या गटातली पोरं: जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबारच्या कॉलन्यांतली, आणि मोठ्या बाजारगावांतली. घरात एक मोबाईल किंवा दोन, वडील नोकरीत किंवा दुकानात, अंगणाला पेव्हर ब्लॉक, गल्लीत मोटारसायकली. ग्रामीण भागात शाळकरी मुलं असलेल्या घरांपैकी स्मार्टफोन असलेली घरं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, ती २०२० मध्ये ६१.८ टक्के झाल्याचं ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत आलं. किती घरांनी हप्त्यावर फोन घेतला, किती जणांनी बकरी विकून घेतला, हे सगळ्यांना माहीत आहे. फोन घ्या, नाहीतर पोराचा अभ्यास बुडेल, असं शाळेनंच सांगितलं होतं. आता तीच शाळा पालकसभेत पोराच्या हातातला मोबाईल काढून घ्यायला सांगते. आईनं काढला तर पोर विचारतं, मग मी करू काय? या प्रश्नाला घरात उत्तर नसतं, कारण उत्तर घराबाहेर आहे आणि तिथं कुलूप आहे.

पोरींची गोष्ट वेगळी काढून सांगावी लागेल. खान्देशात पोरीच्या जातीला उघड्यावर मनसोक्त खेळायला वर्षातून हक्काचे दिवस मिळतात ते आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे. कडुलिंबाला झोके बांधायचे, गौराई बसवायची, गाणी म्हणत उंच उंच जायचं. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरीलाही त्या दिवसांत कुणी ‘एवढी मोठी झाली, काय हुंदडते’ असं म्हणत नाही. २०२० ची आखाजी २६ एप्रिलला आली, कडक टाळेबंदीत. २०२१ ची १४ मेला आली, दुसऱ्या लाटेत. लागोपाठ दोन आखाज्या झोक्याविना गेल्या. त्याच काळात घरातली आजारपणं, स्वयंपाक, धाकट्या भावंडांचं करणं पोरींच्या अंगावर आलं. पोरं वर्षभरानं तरी गल्लीत उतरली. पोरी पुष्कळशा उतरल्याच नाहीत. काहींची तर लग्नं उरकली गेली. आजही संध्याकाळी कुठल्याही गावाच्या मैदानावर जाऊन पाहा. क्रिकेटचे तीन-तीन डाव रंगलेले असतात आणि पोरगी एकही नसते. पोरांच्या हालचालीबद्दल बोलताना आपण नकळत फक्त मुलग्यांबद्दल बोलतो. साठ मिनिटांचा नियम पोरीलाही तेवढाच लागू आहे, आणि हाडांची गरज तर तिला जास्त.

मग शाळा सुरू झाल्यावर काय झालं? ‘भरून काढणं’ सुरू झालं. बुडालेला अभ्यास भरून काढायचा म्हणून जादा तास लागले आणि त्यासाठी पहिला बळी गेला तो खेळाच्या तासाचा. वेळापत्रकात ‘शारीरिक शिक्षण’ लिहिलेलं असतं, फळ्यावर गणित चालू असतं. बाईंना विचारलं तर त्या म्हणतात, परीक्षेत गणित येतं. त्यांचंही खरं आहे. आणि खेळ घ्यायचा तर घेणार कोण? शिक्षण हक्क कायदा २००९ च्या अनुसूचीत कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक ठेवायची तरतूद आहे, पण ती सहावी ते आठवीला शंभराहून जास्त पट असलेल्या शाळांना. खान्देशातल्या दोन शिक्षकी जिल्हा परिषद शाळेत हा निदेशक येणार कुठून? त्याच कायद्यात प्रत्येक शाळेला मैदान हवं असंही लिहिलं आहे. सर्वोच्च न्यायालयानंही २०२३ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात मैदानाशिवाय शाळा असू शकत नाही असं बजावलं, आणि मैदानावरचं अतिक्रमण कायम करायला नकार दिला. कागद भक्कम आहे. मैदानावर मात्र रस्त्याच्या कामाची खडी पडलेली असते, लग्नाच्या मांडवाचे खड्डे तसेच असतात, आणि एका कडेला कुणाच्या तरी पऱ्हाट्या रचलेल्या असतात.

आणखी एक घोळ आहे. आपल्याकडे खेळ म्हटलं की खेळाडू दिसतो. तालुका, जिल्हा, विभाग. मग दहावीला क्रीडागुण, पंचवीसपर्यंत. ही वाट ज्यांना मिळते त्यांचं कौतुक आहेच. पण चारशे पोरांच्या हायस्कुलातून कबड्डीला बारा जण जातात. उरलेल्यांना आपण टाळ्या वाजवायला बसवतो आणि त्याला क्रीडामहोत्सव म्हणतो. मला त्या उरलेल्यांबद्दल बोलायचं आहे. ज्याला कधीच पदक मिळणार नाही, जो जाड आहे, जिला धाप लागते, ज्याचा पाय अधू आहे, त्याच्यासाठी मैदान आहे का? शर्यतीत पहिलं येणाऱ्या पोराला आपली गरज कमीच असते, ते कसंही पळणारच आहे.

उन्हाचा मुद्दा मात्र टाळून चालणार नाही. जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसवर जातो. मार्चपासून सकाळची शाळा होते ती याचसाठी. एप्रिलच्या दुपारी पोरं मैदानावर काढा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. पुण्या-मुंबईत छापलेलं खेळाचं वेळापत्रक इथं जसंच्या तसं चालत नाही. पण मग आपण इथलं घड्याळ पाहून काही ठरवलं का? वर्षातले सात-आठ महिने शाळा संध्याकाळी पाचला सुटते. साधारण तेव्हाच इमारतीची सावली मैदानावर लांब पडू लागते, वारा सुटतो, जमीन निवू लागते. खान्देशात खेळायला लायक अशी दिवसातली सगळ्यात चांगली वेळ ही. आणि पाच वाजून पाच मिनिटांनी शिपाई फाटकाला कुलूप लावतो. गावातली सगळ्यात मोठी, सपाट, रहदारीपासून सुरक्षित जागा नेमकी त्या दोन तासांत बंद असते, आणि पोरं रस्त्यावर, नाहीतर ओट्यावर माना खाली घालून.

हे कुलूप का लागतं, हे मुख्याध्यापकांना विचारलं की ते कारणं सांगतात, आणि ती खोटी नाहीत. संगणक चोरीला जातात. काचा फुटतात. रात्री पारावर बसणारे बाटल्या घेऊन आत येतात, सकाळी पोरांच्या पायात काच जाते. पोर पडून हात मोडला तर जबाबदार कोण? एकट्या मुख्याध्यापकाच्या गळ्यात हे घालणं अन्यायाचं आहे. म्हणून माझी मागणी शाळेकडे कमी आणि गावाकडे जास्त आहे. पाच ते सात या वेळेत मैदान ग्रामपंचायतीच्या ताब्यात असावं. वर्गखोल्या बंद, मैदान उघडं. देखरेखीला एक माणूस, शक्यतो एक बाई, कारण बाई असली की पोरी येतात. त्याला मानधन द्यावं. ग्रामपंचायतीला उत्पन्नातला दहा टक्के भाग महिला-बालकल्याणावर खर्चायचा असतो. त्यातून दरवर्षी शिलाई मशीन आणि अंगणवाडीच्या खुर्च्या येतात, एका वर्षी मैदानावरची बाई येऊ द्या. आठवड्यातले दोन दिवस मैदान फक्त पोरींचं असं जाहीर करावं. सुरुवातीला लोक नाकं मुरडतील. आखाजीला मुरडत नाहीत, तर आठवड्याला का मुरडावीत?

सामान फार लागत नाही. चुन्याची फक्की, दोन दोऱ्या, चार चेंडू, लगोरीला फरशीचे तुकडे. कडेनं लिंबाची रांग लावली तर पाच-सहा वर्षांत सावलीही होते आणि झोक्यालाही फांदी मिळते. क्रीडा साहित्याच्या नावाखाली लाखभराची हिरवी जिम बसवण्याची टूम निघाली आहे, तिच्यापासून गावांनी जपावं. ती लोखंडी यंत्रं मोठ्यांच्या मापाची असतात आणि एप्रिलमध्ये हात लावला तर चटका बसतो.

शाळेनं तिच्या बाजूनं एकच करावं: खेळाचा तास गणिताला देऊ नये. पहिल्या तासाला, ऊन चढायच्या आधी, सगळ्या शाळेनं वीस-पंचवीस मिनिटं पळावं, उड्या माराव्यात, लंगडी घालावी; त्याला निदेशक लागत नाही, वर्गशिक्षक पुरतो. तासभर एका जागी बसलेल्या पोरांना दर तासाला दोन मिनिटं उभं करावं, कारण संध्याकाळी खेळलं म्हणून दिवसभराचं बसणं पुसलं जात नाही. पालकांनी यावर अभ्यास कमी होतो अशी ओरड करू नये. ज्या घरात रात्री नऊपर्यंत क्लास आणि मग बारापर्यंत मोबाईल चालतो, तिथं अभ्यास वीस मिनिटांच्या पळण्यानं बुडत नसतो.

आणि पुढच्या साथीचं काय? साथ पुन्हा येईल. कोणती, कधी, हे कुणाच्या हातात नाही. २०२० चे सगळे आदेश आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ आणि १८९७ चा साथरोग कायदा यांच्या आधारे निघाले. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. त्या प्राधिकरणाकडे जिल्ह्याचा आराखडा असतो, त्यात पुराची, वादळाची, आगीची तयारी लिहिलेली असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या आराखड्यांत पोरांसाठी एक पान असावं. साथ हवेतून पसरणारी असेल तर उघड्यावरच्या जागा सगळ्यात शेवटी बंद होतील आणि सगळ्यात आधी उघडतील. एका गल्लीतली आठ-दहा पोरं ठरलेल्या गटानं, ठरलेल्या वेळी, मैदानावर येतील. गट मिसळायचे नाहीत. वर्ग बंद ठेवावे लागले तरी मैदान बंद ठेवायचं कारण वेगळं सांगावं लागेल, लेखी. आशाताई आणि अंगणवाडीताई शिधा पोचवतात तसंच कोणतं पोर घराबाहेर पडतच नाही याचीही नोंद ठेवतील. सातपुड्यात नर्मदेतून होडी वल्हवत अंगणवाडीची बाई पाड्यापाड्यावर पोचल्याचं २०२० मध्ये आपण पाहिलं आहे. माणसं कमी पडत नाहीत, त्यांना काय करायचं ते आधी सांगितलेलं नसतं.

यातलं जिल्ह्याचं काम जिल्ह्याला करायला लावावं लागेल, त्याला वेळ जाईल. फाटकाच्या कुलपाचं तसं नाही. १५ ऑगस्टला गावोगाव ग्रामसभा असते. गटार, रस्ता, घरकुल हे विषय येतीलच. त्यांच्याआधी एक विषय घालायला सरपंचांना अर्ज द्यावा, त्यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांची आणि चार आयांची सही असावी. किल्ली पाचला कुणाच्या हातात जाईल, सातला कुलूप कोण लावील, आणि खडी कधी उचलली जाईल, एवढं त्या सभेत ठरवून घ्यावं, आणि ते इतिवृत्तात लिहिलं गेलं की नाही ते उठायच्या आधी वाचून पाहावं.